विरोधी उमेदवाराला मत दिलं, तर आमदारकी जाते का?

12 जुलै 2024 रोजी महाराष्ट्र विधान परिषदेच्या 11 जागांसाठी आमदारांनी मतदान केलं. रिंगणात 12 उमेदवार होते, म्हणजे एक पडणार हे नक्की होतं. शेतकरी कामगार पक्षाचे जयंत पाटील पडले. काँग्रेसची काही मतं फुटल्याचं त्या पक्षाच्या नेत्यांनीही मान्य केलं. त्यानंतर अनेकांना एकच प्रश्न पडला: आपल्याकडे पक्षांतरबंदी कायदा आहे ना? मग ज्यांनी पक्षाचा आदेश डावलून समोरच्याला मत दिलं, त्यांची आमदारकी कशी शाबूत राहते?

याचं कारण असं की त्या मतदानाला तो कायदा लागूच होत नाही. पण हाच प्रकार एखाद्या नगरसेवकानं महापौरांच्या निवडणुकीत केला, तर त्याचं पद जाऊ शकतं. आमदारानं मत न देता नुसतं ‘विरोधी नेत्याला सरकार बनवायला बोलवा’ असं राज्यपालांना पत्र दिलं, तरीही त्याची आमदारकी जाऊ शकते. बाहेरून सारखीच दिसणारी ही कृत्यं कायद्याच्या नजरेत अगदी वेगवेगळी आहेत. हा फरक कळला नाही, की प्रत्येक निवडणुकीनंतर टीव्हीवरच्या गदारोळात खरा मुद्दा हरवून जातो.

## आधी शब्द समजून घेऊ

पक्षांतरबंदी कायदा म्हणजे राज्यघटनेची दहावी अनुसूची. 1985 मध्ये 52 व्या घटनादुरुस्तीनं ती आली. खासदार आणि आमदार यांना ती दोन मुख्य कारणांनी अपात्र ठरवते. पहिलं, त्यांनी पक्षाचं सदस्यत्व ‘स्वेच्छेनं सोडलं’ तर. दुसरं, सभागृहात पक्षाच्या आदेशाविरुद्ध मतदान केलं किंवा मतदानाला गैरहजर राहिले तर.

हा आदेश म्हणजे व्हिप, मराठीत पक्षादेश. तो बजावणारा सदस्य म्हणजे प्रतोद. व्हिप मोडला की पद आपोआप जात नाही. पक्ष 15 दिवसांत ती चूक माफ करू शकतो. माफ केली नाही, तर प्रकरण सभागृहाच्या अध्यक्षांकडे किंवा सभापतींकडे जातं आणि निर्णय ते देतात.

पक्षाची स्वतःची शिस्त ही आणखी वेगळी गोष्ट. कारणे दाखवा नोटीस, निलंबन, सहा वर्षांसाठी हकालपट्टी हे सगळं पक्षाच्या घटनेत येतं. ‘सहा वर्षं’ हा आकडा दहाव्या अनुसूचीत कुठेही नाही. पक्षानं काढलं म्हणून आमदारकी जात नाही, हे पुढे पाहूच.

## मत कुठे दिलं, यावर सगळं ठरतं

व्हिप चालतो तो ‘सभागृहातल्या’ मतदानाला: विश्वासदर्शक ठराव, अर्थसंकल्प, विधेयकं, अध्यक्षांची निवड. राज्यसभेसाठी किंवा विधान परिषदेसाठी आमदार मत देतात तेव्हा ते विधानभवनाच्या इमारतीत असतात खरे, पण ते सभागृहाचं कामकाज नसतं. तिथे ते निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली मतदार म्हणून उभे असतात. त्या दिवशी अधिवेशन चालू असण्याचीही गरज नसते.

सर्वोच्च न्यायालयानं 2006 मध्ये कुलदीप नय्यर खटल्यात हे स्पष्ट केलं. राज्यसभेच्या निवडणुकीत पक्षाच्या इच्छेविरुद्ध मत दिल्यानं दहाव्या अनुसूचीखाली अपात्रता येत नाही. फार तर पक्ष आपल्या पातळीवर कारवाई करू शकतो. राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीतही व्हिप काढता येत नाही. पक्ष आवाहन करतो, आदेश देत नाही.

## राज्यसभा: मत दाखवायचं, पण एकालाच

राज्यसभेच्या निवडणुकीत घोडेबाजार फार होतो, अशी तक्रार वाढल्यावर 2003 मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात बदल करून खुलं मतदान आणलं गेलं. ‘खुलं’ या शब्दानं गैरसमज होतो. मत सगळ्यांना दिसत नाही. पक्षाचा आमदार मतपत्रिकेवर पसंतिक्रम लिहितो, पेटीत टाकण्याआधी ती आपल्या पक्षानं नेमलेल्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवतो आणि मग पेटीत टाकतो. दाखवायला नकार दिला तर मत रद्द. त्या प्रतिनिधीखेरीज दुसऱ्या कुणाला दाखवलं तरी रद्द. अपक्षाला तर कुणालाच दाखवता येत नाही.

या बारीकशा नियमानं निकाल फिरतात. ऑगस्ट 2017 मध्ये गुजरातेत काँग्रेसचे अहमद पटेल निवडून आले ते यामुळेच. 176 आमदारांनी मतं दिली होती आणि जागा तीन होत्या, त्यामुळे विजयासाठी 45 मतं लागत होती. पटेलांकडे होती 44. पण काँग्रेसच्या दोन फुटीर आमदारांनी आपल्या मतपत्रिका अधिकृत प्रतिनिधीशिवाय इतरांनाही दाखवल्याची तक्रार झाली आणि रात्री उशिरा आयोगानं ती दोन्ही मतं रद्द केली. वैध मतं 174 उरली, कोटा (विजयाला लागणारा मतांचा आकडा) 44 वर आला आणि पटेल जिंकले. महाराष्ट्रात जून 2022 च्या राज्यसभा निवडणुकीत शिवसेनेच्या सुहास कांदे यांचं मतही याच नियमाखाली बाद ठरलं.

तेव्हा खुल्या मतदानात पक्षाला कळतं की आमदारानं कुणाला मत दिलं. पण कळल्यावरही पक्षाच्या हातात त्याचं पद काढून घेण्याची सोय नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये उत्तर प्रदेशात समाजवादी पक्षाच्या सात आमदारांनी उघडपणे भाजपच्या बाजूनं मत दिलं. त्यांच्यापैकी तिघांची पक्षानं जून 2025 मध्ये हकालपट्टी केली. आमदारकी मात्र शाबूत राहिली.

## थोड्या मतांनी एवढा फरक कसा पडतो?

इथे थोडं गणित लागेल, पण ते सोपं आहे. एकाहून जास्त जागा असल्या की प्रत्येक मताची किंमत 100 धरतात. एकूण वैध मतांच्या किमतीला जागांच्या संख्येपेक्षा एक जास्त इतक्या आकड्यानं भागायचं, अपूर्णांक सोडायचा आणि 1 मिळवायचा. हा झाला कोटा.

जून 2022 ची राज्यसभा निवडणूक घ्या. जागा 6, उमेदवार 7. वैध मतं 284, म्हणजे किंमत 28,400. भागिले 7, म्हणजे 4057. अधिक 1, म्हणजे 4058. साध्या हिशेबात 40.58 मतं; म्हणून ‘41 मतं हवीत’ असं सगळे म्हणत होते.

आता ओळीनं ठेवलेली भांडी डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक भांड्यात 40.58 इतकंच पाणी मावतं. पहिलं भांडं भरून वर सांडलं की ते पाणी मतदारानं ‘2’ लिहिलेल्या भांड्यात जातं. पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना पहिल्या पसंतीची प्रत्येकी 48 मतं पडली, म्हणजे दोघांकडून मिळून सुमारे 14.8 मतांची किंमत सांडली. ती भाजपच्या तिसऱ्या उमेदवाराकडे, धनंजय महाडिकांकडे वळली. महाडिकांची पहिल्या पसंतीची मतं होती 27; शिवसेनेचे संजय पवार 33 वर होते. म्हणजे सुरुवातीला पवार सहा मतांनी पुढे. पण महाविकास आघाडीच्या इम्रान प्रतापगढी (44), प्रफुल्ल पटेल (43) आणि संजय राऊत (41) यांच्याकडून सांडलं ते मिळून 6.26 एवढंच. महाडिक कोटा ओलांडून गेले, पवार 39 च्या आसपास अडकले.

भाजपचे स्वतःचे आमदार तेव्हा 106 होते. तिघांना मिळून पहिल्या पसंतीची 123 मतं पडली. वरची 17 मतं अपक्ष आणि छोट्या पक्षांच्या भोवती फिरत होती, आणि लढाई खरी तिथेच झाली. अशा निवडणुकीआधी आमदारांना हॉटेलात का ठेवतात, हे या आकड्यांवरून कळेल. दोन-तीन मतं इकडची तिकडे झाली तरी अख्खी जागा हातची जाते.

## विधान परिषद: मत गुप्त, त्यामुळे संशय कायमचा

2003 चा बदल फक्त राज्यसभेसाठी होता. विधान परिषदेचं मतदान आजही गुप्त आहे. जुलै 2024 मध्ये 274 आमदार मतदार होते. 27,400 भागिले 12, अधिक 1, म्हणजे 2284. तेव्हा विजयाला 23 मतं हवी होती. कुणाची किती मतं फुटली हे बेरजेवरून कळतं, पण कोण फुटलं हे कागदावर सिद्ध करता येत नाही.

पक्ष यावर एक युक्ती करतात. कोणत्या आमदारानं पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या पसंतीला कुणाचं नाव लिहायचं, हे गटागटानं किंवा एकेकाला वेगळं ठरवून देतात. मतमोजणीत तो क्रम दिसला नाही, की तो गट किंवा आमदार फुटला असं समजायचं. अंदाजाला हे पुरतं, कारवाईला नाही. कारण आमदार म्हणू शकतो की क्रम लिहिताना माझी चूक झाली. निष्ठावान आमदारावर खोटा संशय येतो तोही इथेच. फुटलेल्याला लपायला जागा आहे, पण न फुटलेल्याला आपली बाजू सिद्ध करायला कुठलाच मार्ग नाही, आणि मला हा दुसरा अन्याय जास्त मोठा वाटतो.

## अख्खा पक्षच समोरच्या उमेदवाराच्या मागे गेला तर?

त्याला पक्षांतर म्हणत नाहीत, कारण ती पक्षाचीच भूमिका असते. शिवसेनेचं उदाहरण मराठी वाचकांना ठाऊक आहे. भाजपसोबत असताना शिवसेनेनं 2007 मध्ये प्रतिभा पाटील यांना आणि 2012 मध्ये प्रणव मुखर्जी यांना पाठिंबा दिला. दोघंही काँग्रेस आघाडीचे उमेदवार. 2022 मध्ये महाविकास आघाडीत असतानाही उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेनं द्रौपदी मुर्मू यांना पाठिंबा दिला. युती, आघाडी, ‘आघाडीधर्म’ हे शब्द दहाव्या अनुसूचीत नाहीत. खासदार-आमदारांच्या बाबतीत ती फक्त पक्ष ओळखते.

पक्षाच्या आतूनच अधिकृत उमेदवाराविरुद्ध उठाव झाल्याचं सर्वांत मोठं उदाहरण 1969 चं. काँग्रेसनं राष्ट्रपतिपदासाठी नीलम संजीव रेड्डी यांना उभं केलं होतं. इंदिरा गांधींनी सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्या असं आवाहन केलं आणि अपक्ष व्ही. व्ही. गिरी दुसऱ्या पसंतीच्या मतांवर निवडून आले. नोव्हेंबरात इंदिरा गांधींची पक्षातून हकालपट्टी झाली आणि पक्ष दुभंगला. तेव्हा पक्षांतरबंदी कायदाच नव्हता. पण आज असता तरी त्या मतदानावरून कुणाचंही पद गेलं नसतं.

आघाडीत असंतोष असला की काय होतं, हे 2024 मध्ये सांगलीत दिसलं. जागा उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेला गेली आणि चंद्रहार पाटील उमेदवार झाले. काँग्रेसचे विशाल पाटील अपक्ष उभे राहिले, काँग्रेसचे बरेच कार्यकर्ते त्यांच्या मागे गेले आणि ते जिंकले. निकालानंतर त्यांनी काँग्रेसला पाठिंब्याचं पत्र दिलं. ‘प्रवेश’ आणि ‘पाठिंबा’ यातला फरक इथे महत्त्वाचा आहे. अपक्ष म्हणून निवडून आलेला सदस्य नंतर एखाद्या पक्षात रीतसर गेला, तर तो अपात्र ठरतो. नुसता पाठिंबा दिला तर नाही.

## मत न देताही पद जातं ते असं

आता ‘स्वेच्छेनं सदस्यत्व सोडणं’ या पहिल्या कारणाकडे येऊ. यासाठी राजीनाम्याचा कागद लागत नाही. 1994 मध्ये गोव्याच्या रवी नाईक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सदस्याच्या वागण्यावरूनही हा निष्कर्ष काढता येतो.

ऑगस्ट 2003 मध्ये उत्तर प्रदेशात बहुजन समाज पक्षाच्या 13 आमदारांनी राज्यपालांना भेटून मुलायमसिंह यादवांना सरकार बनवायला बोलवा, असं पत्र दिलं. 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की विरोधी नेत्याला सत्तेवर बोलावण्याचं पत्र देणं म्हणजेच आपला पक्ष सोडणं. ते 13 आमदार अपात्र ठरले. मात्र तोवर विधानसभेची मुदत संपत आली होती.

2017 मध्ये शरद यादव आणि अली अन्वर यांचं राज्यसभेचं सदस्यत्व गेलं. त्यांचा पक्ष, संयुक्त जनता दल, भाजपसोबत गेला होता. हे दोघं पाटण्यात विरोधकांच्या सभेत व्यासपीठावर गेले. राज्यसभेच्या सभापतींनी ते पक्ष सोडल्यासारखं मानलं.

म्हणजे राज्यसभेला समोरच्या उमेदवाराला मत द्या, काही होत नाही. पण त्याच पक्षाच्या प्रचारसभेत भाषण करा, त्याच्यासाठी मतं मागा, पाठिंब्याचं पत्र द्या, तर धोका आहे. एका फोटोवरून सहसा कुणी अपात्र ठरत नाही. सभा, वक्तव्यं, पत्रं, पक्षाच्या बैठकांना दांडी असं सगळं जमवून प्रकरण उभं करावं लागतं. म्हणूनच नाराज नेते स्वतः शांत बसतात आणि प्रचाराचं काम घरच्यांवर किंवा कार्यकर्त्यांवर सोपवतात. 2019 मध्ये राधाकृष्ण विखे पाटील यांचे चिरंजीव भाजपकडून अहमदनगरला लढले, तेव्हा ते स्वतः विधानसभेत काँग्रेसचे विरोधी पक्षनेते होते. त्यांनी आधी ते पद सोडलं, मग आमदारकीचा राजीनामा दिला आणि त्यानंतरच जूनमध्ये ते मंत्री झाले. राजकीयदृष्ट्या कुणाला ते पटो न पटो, कायद्याच्या नजरेत हा बिनधोक रस्ता आहे.

हिमाचल प्रदेशात मात्र आमदार दुसऱ्या खिंडीत सापडले. 27 फेब्रुवारी 2024 रोजी राज्यसभेच्या निवडणुकीत सहा काँग्रेस आमदार आणि तीन अपक्षांनी भाजपच्या हर्ष महाजनांना मत दिलं. सामना 34-34 असा बरोबरीत सुटला आणि चिठ्ठीवर काँग्रेसचे उमेदवार अभिषेक मनु सिंघवी हरले. दोनच दिवसांनी ते सहा आमदार अपात्र ठरले. अनेकांनी बातमी अशी वाचली की क्रॉस व्होटिंगमुळे, म्हणजे विरोधी उमेदवाराला मत दिल्यामुळे, पद गेलं. तसं नव्हतं. अर्थसंकल्पाच्या वेळी हजर राहण्याचा व्हिप असताना ते सभागृहात आले नाहीत, यामुळे ते गेलं. त्यांच्या जागांवर पोटनिवडणुका झाल्या. सहापैकी चार काँग्रेसनं जिंकल्या, दोन भाजपनं.

## हकालपट्टी म्हणजे शिक्षा की सुटका?

पक्षानं आमदाराला काढून टाकलं, तर त्यानं सदस्यत्व ‘स्वेच्छेनं सोडलं’ असं होत नाही, म्हणून पद जात नाही. पण तो मोकळाही होत नाही. 1996 मध्ये जी. विश्वनाथन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की हकालपट्टी झाली तरी, ज्या पक्षाच्या तिकिटावर तो निवडून आला, त्याच पक्षाचा तो मानला जातो. तो दुसऱ्या पक्षात गेला की अपात्र. म्हणून असे आमदार सभागृहात वेगळे बसतात आणि दुसऱ्या पक्षातला प्रवेश पुढच्या निवडणुकीपर्यंत टाळतात. पक्षही काढून टाकण्याऐवजी महिनोन्‌महिने नुसती नोटीस देऊन थांबतात, ते याचमुळे. आत ठेवलं तर व्हिपखाली अडकवता येतं.

## नगरसेवकांचा नियम अधिक कडक

महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद आणि पंचायत समितीसाठी महाराष्ट्राचा वेगळा कायदा आहे: महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, 1986. महापौर किंवा जिल्हा परिषद अध्यक्षांची निवड त्या संस्थेच्या सभेतच होते, म्हणून तिथे व्हिप चालतो. हात विरोधी उमेदवारासाठी वर गेला, तर सदस्यत्व धोक्यात येतं. हा कायदा ‘आघाडी’लाही ओळखतो, त्यामुळे नोंदवलेल्या गटाचे सदस्यही त्यात येतात. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही.

अशी प्रकरणं बहुतेक वेळा पुराव्यावर पडतात. व्हिप लेखी होता का, काढणाऱ्याला पक्षानं अधिकार दिला होता का, मतदानाआधी तो सदस्याच्या हाती पडला का? सदस्य घरी नसला तर दारावर चिकटवून पंचनामा केला का? यातली एक कडी सुटली तरी नगरसेवक वाचतो.

## ‘मग सगळीकडेच व्हिप लावा ना!’

हा उपाय मला घातक वाटतो. राष्ट्रपती किंवा राज्यसभा सदस्य निवडण्यानं सरकार पडत नाही. पक्षांतरबंदी आणली ती सरकारं स्थिर राहावीत म्हणून. 1992 मध्ये किहोटो होलोहन खटल्यात हा कायदा वैध ठरवतानाही घटनापीठानं सुचवलं होतं की अपात्रतेची टांगती तलवार विश्वासमत आणि पक्षाच्या मुख्य धोरणांपुरतीच असावी. प्रत्यक्षात पक्ष जवळपास प्रत्येक मतदानाला व्हिप काढतात. त्यात आणखी भर घातली, तर आमदार म्हणजे पक्षश्रेष्ठींचा नुसता हात उरेल.

## ‘पण पैसे घेऊन मत दिलं असेल तर?’

तो पक्षांतराचा नव्हे, भ्रष्टाचाराचा गुन्हा आहे. 4 मार्च 2024 रोजी सीता सोरेन प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठानं 1998 चा जुना निकाल बाजूला सारला आणि ठरवलं की लाच घेणाऱ्या आमदार-खासदाराला विशेषाधिकाराचं संरक्षण नाही. हे प्रकरण 2012 च्या झारखंडमधल्या राज्यसभा निवडणुकीचंच होतं. लाच घेतली की गुन्हा पुरा होतो. नंतर मत ठरल्याप्रमाणे दिलं की नाही, याला महत्त्व नाही.

## ‘विधान परिषदेचं मत तरी खुलं करा’

हे मला पटतं. गुप्त मतदान सामान्य मतदारासाठी आहे, कारण त्याला धमकावणारे असतात आणि त्याला कुणाला जाब द्यायचा नसतो. आमदाराचं तसं नाही. तो लोकांच्या वतीनं मत देतो आणि ते मत कुणाला गेलं हे विचारण्याचा लोकांना हक्क आहे. 2006 च्या निकालात न्यायालयानंही राज्यसभेचं खुलं मतदान वैध ठरवताना भ्रष्टाचार रोखण्याचं कारण मान्य केलं होतं. तेच कारण परिषदेला जसंच्या तसं लागू पडतं. खुल्या मतदानात पद जात नाही, त्यामुळे ज्याला खरोखर पटत नाही तो आमदार विरोधी उमेदवाराला मत देऊ शकतोच. फक्त त्याला ते आपल्या नावानं द्यावं लागतं. यासाठी घटनादुरुस्तीचीही गरज नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 59 मध्ये राज्यसभेसाठी जी तरतूद आहे, तिच्यात संसदेनं विधान परिषदेचं नाव घालायचं, इतकंच.